गाडीचं काय ठरलं

"काका, तुम्ही गाडी रोज साधारण किती किलोमीटर चालवता?"

शोरूममधल्या मुलीने फॉर्मवर पेन टेकवलं आणि भानुदासकाकांकडे बघितलं. काका माझ्या शेजारच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसावं तसे बसले होते. या माणसाने तेवीस वर्षं रोज साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवली होती. मी खाली मान घालून हसू दाबलं.

"असेल वीस-पंचवीस," काका म्हणाले.

"म्हणजे गावातल्या गावात."

"होय. गावातल्या गावात."

तिने फॉर्मवर खूण केली. तिच्या मागच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. 'तुम्ही कसे रायडर आहात?' असं वर लिहिलेलं आणि खाली पाच चित्रं. टाय लावून ऑफिसला निघालेला माणूस, वळणावर वाकलेला कॉलेजचा मुलगा, सामान बांधून डोंगरात चाललेलं जोडपं, चिखलातून गाडी काढणारा एकजण आणि दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेला दूधवाला.

"आमच्याकडे आधी गाडी दाखवत नाहीत, काका," ती म्हणाली. "आधी माणूस विचारायचा, मग गाडी. मागे कोण बसणार?"

"मागे?"

"म्हणजे काकू वगैरे. त्यावर सीट ठरतं."

"काकू नाहीत."

"सॉरी, काका."

"पुष्कळ वर्षं झाली त्याला."

तिने माझ्याकडे बघितलं. "आणि हे?"

"हा दिगंबर. मुलगाच समजा."

तिने बहुतेक 'मुलगा' एवढंच ऐकलं. तसंच लिहिलं असावं.

ही गोष्ट दोन हजार तेराची. मी आणि भानुदास तुपे, दोघंही औरंगाबादजवळ वाळूजला मोटारसायकलच्या एका कारखान्यात टेस्ट रायडर होतो. नवी गाडी बाजारात येण्याआधी तिला ओळखू येऊ नये म्हणून काळ्या पट्ट्या चिकटवतात आणि आमच्यासारख्यांच्या हवाली करतात. मागच्या सीटवर माणसाच्या वजनाची वाळूची गोणी बांधायची आणि पैठण, शेवगाव, नेवासा असा फेरा करून परत यायचं. जेवायचं, की पुन्हा तोच फेरा. संध्याकाळी कागदावर लिहून द्यायचं, हँडल कुठे थरथरलं, सीट कधी टोचायला लागलं. मला हे सगळं काकांनी शिकवलं. मी सव्वीसचा होतो, ते पन्नाशीच्या आसपास. त्या वर्षी त्यांच्या पाठीच्या दोन चकत्या गेल्या, डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आणि कंपनीने त्यांना स्टोअरला बसवलं.

शुक्रवारी आमची सुट्टी असायची. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "उद्या तुझ्या गाडीवर मला बार्शीला ने. एक काम आहे." पाठ धरलेली असताना हा माणूस दोनशेवर किलोमीटर मागे बसून आला. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांना सरळ उभं राहायला वेळ लागला. काम काय, ते सांगितलं नाही. बार्शीत शिरल्यावर रस्ता विचारत विचारत मला थेट आमच्याच कंपनीच्या शोरूमसमोर आणलं.

"चला, दाखवते," ती मुलगी उठली. चोवीस-पंचवीसची असेल. कंपनीचा निळा शर्ट, केस मागे घट्ट बांधलेले. चालताना प्रत्येक गाडीच्या टाकीवर हात ठेवून जायची, गोठ्यातून जाताना ठेवतात तसा.

"ही साथी. रोज कामाला जाणाऱ्यांसाठी. हिला काही लागत नाही, पेट्रोल टाका आणि विसरा. ही झेप. ही मुलांची आहे, काका, तुम्ही घ्यायची नाही. आणि ही सफर. लांब पल्ल्याची. हिच्यावर बसून बघा."

"आपल्याला कुठे लांब जायचंय."

"बसून तर बघा. बसायला काय लागतं?"

काका बसले. त्या गाडीवर ते चौदा महिने बसले होते. तिचं नावसुद्धा ठरलेलं नव्हतं, तेव्हापासून.

"ऐंशीच्या वेगाला अजिबात थरथरत नाही," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. पंचाहत्तरच्या पुढे डाव्या हाताला मुंग्या येतात, हे मी स्वतः लिहून दिलेलं होतं. काकांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"आणि सीट बघा. मुद्दाम रुंद केलंय. आधी अरुंद होतं म्हणे. दिवसभर बसलं तरी आता पाठ धरत नाही."

"कुणाची धरली होती?" काकांनी विचारलं.

ती हसली. "तसं काही लिहिलेलं नाही, काका. असतील कंपनीतले कुणीतरी."

"असतील."

मग त्यांनी पहिली गाडी पुन्हा सांगायला लावली. मग दुसरी. रंग विचारले, टायर विचारले, डिकी लावून मिळते का विचारलं. पाऊण तास झाला, दीड तास झाला. ती कंटाळली नाही. एकदा मधेच कुणीतरी तिला हाक मारली, तर "कस्टमर आहेत" म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. निघताना तिने त्यांचा मोबाइल नंबर घेतला.

"मी फोन करीन, काका. विचार करा निवांत."

रस्त्यात मी चिडलो. "गाडीच बघायची होती तर कारखान्यात काय कमी आहेत? आपल्याला सवलतीत मिळते. त्यासाठी बार्शी?"

"बघितली नुसती," ते मागून म्हणाले.

तिने खरंच फोन केला. पंधरा दिवसांनी, शनिवारी, अकराच्या सुमाराला. मी स्टोअरला हातमोजे न्यायला गेलो होतो. काका फोन घेऊन मागच्या रॅकच्या आड गेले.

"नाही, अजून ठरलं नाही… हो, सफरच मनात आहे… तपकिरी आली का? बरं… जेवलीस का?"

पुढे दर पंधरा दिवसांनी शनिवारी तिचा फोन यायचा. शोरूमच्या कामाचाच तो भाग असतो, ज्यांनी चौकशी केली त्यांना यादीप्रमाणे फोन करायचे. "काका, गाडीचं काय ठरलं?" एवढंच तिला विचारायचं असायचं. काका मात्र तो फोन पाच-सात मिनिटं चालवायचे. आज कोणती गाडी जास्त जाते, दिवसभर उभं राहावं लागतं का, शोरूममध्ये पंखा आहे की कूलर. शुक्रवारी ते दाढी करायचे नाहीत, शनिवारी करायचे. फोनसाठी दाढी.

कारखान्यात काही लपत नाही. कँटीनमध्ये लोक बोलायला लागले. "तुप्यांचं बार्शीला जमलं म्हणे," कुणीतरी म्हणायचं आणि टेबल हसायचं. काका ताटात बघून जेवत राहायचे. मला त्यांच्यापेक्षा जास्त लाज वाटायची, कारण मी ती मुलगी बघितली होती.

सहा-सात महिने असे गेल्यावर एका रविवारी संध्याकाळी मी वाळूजजवळ रांजणगावला त्यांच्या खोलीवर गेलो. ते भाकरी थापत होते. मी उभ्या उभ्याच बोललो.

"काका, हे बंद करा. ती तुमच्या मुलीच्या वयाची आहे."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"लोक काय काय बोलतात तुम्हाला माहीत आहे? आणि त्या बिचारीला वाटतं गिऱ्हाईक आहे. तुम्हाला शोभतं का हे?"

त्यांनी भाकरी उलटली, शेकली, डब्यात ठेवली. हात धुऊन, पुसून, ट्रंकेतून एक मासिक काढलं. कंपनीचं घरचं मासिक, दर महिन्याला आम्हाला फुकट वाटायचे, आम्ही त्यावर नाश्ता करायचो. त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. वेगवेगळ्या गावांच्या शोरूममध्ये चांगलं काम करणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो होते.

"हिचं नाव वाच."

"तेजश्री सुरवसे. बार्शी."

"तेजश्री हे नाव मी ठेवलेलं आहे," काका म्हणाले.

मी खाली बसलो.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात होतं. बायको सिंधू काविळीने गेली तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. काका नुकते कंपनीत लागलेले. घरात दुसरं कुणी नाही. मुलीला दिवसभर शेजारणीकडे ठेवायचे, संध्याकाळी ती अंगावर यायला रडायची, कारण हेल्मेटमुळे त्यांचा चेहरा लाल आणि काळा झालेला असायचा. सिंधूची मोठी बहीण बार्शीला दिलेली होती, तिला मूल नव्हतं. ती आणि तिचा नवरा येऊन मुलगी घेऊन गेले. रीतसर, कागद करून.

"सुरवसे चांगला माणूस आहे," काका म्हणाले. "पण तो एक म्हणाला. तिला सांगायचं नाही, आणि तुम्ही यायचं नाही. येत राहिलात तर ती धड तुमची राहणार नाही, धड आमची होणार नाही. मला ते पटलं. आजही पटतं."

"मग गेलात कशाला?"

"फोटो आला ना." त्यांनी मासिक मिटलं. "नाव वाचलं नसतं तरी ओळखली असती. आईच्या तोंडाची आहे. आणि मी काही तिच्या घरी गेलो नाही, दिगंबर. दुकानात गेलो. दुकानात कुणीही जाऊ शकतं."

मी त्यांची माफी मागितली की नाही, मला आठवत नाही. त्यांनी वाढलेली भाकरी मी खाल्ली एवढं आठवतं.

पुढच्या फोनला मी स्टोअरमध्येच होतो. त्यांनी मला थांबवून घेतलं होतं. फोन जुना, आवाज बाहेर ऐकू यायचा.

"काका, एक स्पष्ट विचारू का? राग मानू नका."

"विचार ना."

"आठ महिने झाले. सर म्हणतात, एवढी जुनी नावं यादीत ठेवायची नाहीत. तुम्हाला घ्यायची नसेल तर तसं सांगा, मी नाव काढते. उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास नाही गं."

"नाही, पण मलाही आता… या महिन्यात माझी एकच गाडी कमी पडतेय. तेवढी झाली तर मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवणार आहेत. टीम लीडरच्या. म्हणून मग मी सगळ्यांनाच विचारतेय. तुमच्यावर काही जबरदस्ती नाही, काका."

काका रॅकवरच्या स्पार्क प्लगच्या खोक्यांकडे बघत होते. मी हाताने खूण केली, लांबवा, अजून विचार करतोय म्हणा.

"महिना कधी संपतो?" त्यांनी विचारलं.

"येत्या मंगळवारी."

"सोमवारी येतो. सफर. तपकिरी."

मग ती म्हणाली, "खरंच, काका?"

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "तुम्हाला गाडी चालवायची बंदी आहे."

"तू चालवशील."

"पण आता तिचे फोन बंद होतील. गाडी विकली की विक्रीवाले फोन करत नाहीत."

"नाही घेतली तरी बंदच होणार होते," ते म्हणाले आणि रॅकवरची खोकी सरळ करायला लागले. "घेतली तर ती पुण्याला जाईल."

सोमवारी आम्ही दोघांनी रजा टाकली आणि एसटीने बार्शीला गेलो. गाडी धुऊन, हार घालून शोरूमच्या मधोमध उभी केलेली होती. तेजश्रीने नारळ आणला, हळदकुंकू आणलं, पेढ्यांचा पुडा आणला. काका दुसऱ्या टेबलावर सह्या करत होते. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुमचे वडील फार साधे आहेत. दरवेळी विचारतात, जेवलीस का. कस्टमर असं विचारत नाहीत कधी."

मी म्हणालो, "हो."

त्या एका शब्दाचं मला आजही काही करता आलेलं नाही. काकांनी पायावर पाय ठेवला नव्हता, ते दहा फुटांवर होते, पाठमोरे. मला काहीही बोलता आलं असतं.

फोटो काढायचा होता. शोरूममध्ये पुठ्ठ्याची एक हातभर लांब सोनेरी किल्ली असते, ती एका बाजूने विकणाऱ्याने आणि एका बाजूने घेणाऱ्याने धरायची असते. त्यांनी ती धरली. फोटो काढणारा म्हणाला, "काका, जरा जवळ सरका की." काका सरकले. "अजून थोडं." तेजश्रीच हसून त्यांच्या बाजूला सरकली, आणि तिचा खांदा त्यांच्या दंडाला टेकला. "तुम्हीही या ना," ती मला म्हणाली. मी नको म्हणालो.

तेवढ्यात दारातून एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस आत आला. हातात डबा होता.

"पप्पा, थांबा दोन मिनिटं," तेजश्री म्हणाली. "हे तुपेकाका. औरंगाबादहून आलेत गाडी न्यायला. बघा, एवढ्या लांबून."

सुरवसे जागच्या जागी उभे राहिले. डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. काकांच्या हातात अजून ती पुठ्ठ्याची किल्ली होती. शोरूमच्या बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून बघत होतं.

"नमस्कार," सुरवसे म्हणाले.

"नमस्कार. मुलगी हुशार आहे तुमची."

सुरवशांनी डबा तेजश्रीकडे दिला. "हो," ते म्हणाले. "आहे."

ती डबा घेऊन आत गेली. मी गाडी बाहेर काढली. काका फाटकाशी उभे होते, तिथे सुरवसे त्यांच्याजवळ आले. आवाज खाली ठेवून बोलत होते, पण मी जवळच होतो.

"तुम्ही तिला काही…"

"नाही."

"बोलणार नाही ना?"

"तेवीस वर्षं नाही बोललो."

सुरवशांनी मान हलवली. रस्त्याकडे बघत विचारलं, "परत यायचं काम पडेल का?"

"फुकट सर्व्हिसिंग असतं," काका म्हणाले. "तीन वेळा."

"तीनच?"

"तीनच."

"मग या," सुरवसे म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यात बांधलेला पेढा काकांच्या हातावर ठेवला. आतल्याच पुड्यातला असणार, तेजश्रीने त्यांना दिलेला.

येताना मी सफर चालवली आणि काका मागे बसले. पंचाहत्तरच्या पुढे डाव्या हाताला मुंग्या येतच होत्या. कुंथलगिरीचा फाटा मागे पडला. मग काका मागून म्हणाले, "सीट बरं केलंय."

पुढच्या शनिवारी ते दाढी करून आले. अकरा वाजून गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही आले. महिन्याने एकदा शोरूमचा नंबर दिसला, त्यांनी हात पुसून फोन घेतला, तर सर्व्हिस विभागातली दुसरी कुणी बाई होती. किती किलोमीटर झाले, तिने विचारलं. औरंगाबादलाही आपलं वर्कशॉप आहे, तिथे करून घ्या, म्हणाली. "नाही, तिथेच आणतो," काका म्हणाले.

पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा ती पुण्याला ट्रेनिंगला गेलेली होती. काका बाकावर बसले, गाडी होईपर्यंत तिच्या रिकाम्या टेबलाकडे न बघता समोरच्या तक्त्याकडे बघत राहिले. दुसऱ्या वेळी ती होती. तिच्या शर्टावर आता नावाची पट्टी होती, समोर नवरा-बायको आणि एक लहान पोर बसलेलं. तिने लांबून हात केला. "काका, गाडी छान आहे ना?" "छान आहे," काका म्हणाले. ती पुन्हा त्या नवऱ्याकडे वळली, रोज किती जाता, मागे कोण कोण बसतं. काका ऐकत राहिले. गाडी तासाभरात झाली होती, पण मेकॅनिकला त्यांनी चेन पुन्हा बघायला सांगितली.

तिसरं सर्व्हिसिंग वर्षाच्या शेवटी आलं. पाठीमुळे त्यांना तोपर्यंत चालतानाही काठी लागायची. मी म्हणालो, मी एकटा जाऊन करून आणतो. ते ऐकेनात. वाटेत चारदा थांबलो.

तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. नवीन असावी, फॉर्म भरताना तीनदा खोडत होती. काकांनी विचारलं, "त्या तेजश्रीताई नाहीत का?"

"मॅडमचं लग्न झालं ना. गेल्या महिन्यात. सोलापूरला असतात आता."

"बरं," काका म्हणाले. काठी टेबलाला टेकवून ते सावकाश समोरच्या खुर्चीत बसले. त्या मुलीला वाटलं, गाडी बघायला आलेत. तिने नवीन फॉर्म पुढे ओढला.

"मुलगा काय करतो?" काकांनी विचारलं.

"कोणता मुलगा, काका?"

"त्यांचा नवरा."

तिला माहीत नव्हतं. आत कुणाला तरी विचारून सांगते, म्हणाली आणि उठून गेली. ती परत येईपर्यंत काका दाराकडे तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत बसले. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्यांनी हे उत्तर आपण ऐकायचं नाही असं ठरवलं असावं, कारण ती येताना दिसली तसे ते उठले, आणि ती बोलायच्या आत म्हणाले,

"राहू दे बाळ. चांगलाच असेल. सुरवशांनी बघितलाय."